ड्यूररचे इरॅस्मसचित्र

आल्ब्रेश्ट ड्यूररने १५२६ साली ताम्रपटावर कोरलेले इरॅस्मसचे चित्र, व्यक्तिचित्र म्हणून, आमच्या मते उतरलेले नाही. खुद्द इरॅस्मसलाही साम्य पटले नव्हते. पाच वर्षांपूर्वीचा मी आता उरलो नाही, असे म्हणून त्याने चित्रकाराची बाजू सावरून घेतली, इतकेच. होल्बाइनने १५२३ मध्ये रंगविलेल्या इरॅस्मसच्या मिटल्या ओठांत जी सावध, किंचित तिरकस बुद्धी दिसते, ती येथे नाही. येथे ग्रंथ आहेत, फुलदाणी आहे, दौत-लेखणी आहे आणि पाठीमागे एक भलामोठा लेख आहे. चित्र प्रत्यक्ष पाहून रेखिले, असे लॅटिनमध्ये सांगून तो लेख लगेच ग्रीकमध्ये कबुली देतो की, याहून सरस प्रतिमा त्याचे ग्रंथच दाखवतील. मूर्तिकाराने मूर्तीच्याच पाठीवर 'खरा देव पोथीत' असे कोरावे, तशातला हा प्रकार! म्हणूनच हे सदोष चित्र आम्हांस त्या युगाची सर्वांत प्रामाणिक साक्ष वाटते.

ख्रिस्ती मानवतावाद म्हणतात त्या विद्येचे मर्म वकिलाला समजावून द्यावे लागत नाही. नक्कल पुढे आली की मूळ दस्तऐवज मागावयाचा. चर्चने शतकानुशतके प्रमाण मानलेला लॅटिन पाठ इरॅस्मसने ग्रीक हस्तलिखितांशी ताडून पाहिला आणि १५१६ साली बासल येथील फ्रोबेनच्या छापखान्यातून नवा करार ग्रीक मुळासह प्रसिद्ध केला. एका शब्दाने काय उलथापालथ होते ते पाहावे. लॅटिन पाठावरून जेथे 'प्रायश्चित्त करा' असा अर्थ घेतला जाई, तेथे ग्रीक शब्द मन पालटावयास सांगतो. पुढल्याच वर्षी पापमोचनपत्रांच्या बाजाराविरुद्ध लूथरने जी पंचाण्णव कलमे मांडली, त्यांतील पहिले याच वचनावर उभे आहे. पत्र विकता येते. पालटलेले मन कोणी कसे विकावे?

इरॅस्मसला मात्र मूर्तिभंजन नको होते. संतांच्या अस्थींपुढे व प्रतिमांपुढे दिवे लावणाऱ्याने त्यांचे आचरणही उचलावे, एवढीच त्याची मागणी. पक्ष घेणे तर त्याच्या स्वभावातच नव्हते. लूथरला पकडल्याची आवई १५२१ मध्ये कानी येताच ड्यूररने आपल्या रोजनिशीत इरॅस्मसला कळवळून साद घातली की, आता तू घोड्यावर स्वार होऊन पुढे ये. तो आला नाही. परंतु प्रतिमेहून शब्द श्रेष्ठ, असा निवाडा विद्वानाने एकदा दिला की, त्याची अंमलबजावणी करणारे निराळेच निघतात. फेब्रुवारी १५२९ मध्ये बासलच्या जमावाने तेथील मुख्य चर्चमधील प्रतिमा फोडल्या व जाळल्या. इतके होऊनही एकाही संताने चमत्कार कसा केला नाही, असे इरॅस्मसने मित्राला उपरोधाने लिहिले आणि दोन महिन्यांनी तो गाव सोडून फ्रायबुर्गला गेला.

हा विनोद आम्हांस बोचतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची कुलदैवते कुशस्थळी-केळशीहून नदीपार अंत्रुजात न्यावी लागली. त्यांनाही तो बोचेल. मात्र न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, गोव्यातील देवळे पाडणारे हात इरॅस्मसच्या शिष्यांचे नव्हते. रोमच्या १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीने त्याचे झाडून सारे लेखन बाद केले. त्याच्या पुढल्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन बसले.

पोर्तुगालमध्ये त्याचे स्नेही नव्हते असे नाही. दामियाँव द गोइश हा इतिहासकार १५३४ मध्ये फ्रायबुर्गला त्याच्या घरी काही महिने राहिला होता. पुढे तो लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राजदफ्तराचा प्रमुख झाला आणि ज्याच्या कारकिर्दीत गोवा जिंकला गेला त्या मानुएल राजाची बखर त्याने लिहिली. १५७१ मध्ये, म्हातारपणी, त्याला इन्क्विझिशनने धरले व दोषी ठरविले. त्या खटल्याचे कागद आज त्याच तोर्रे दो तोंबोत आहेत.