‘ओ उराग्वाय’ आणि साओ मिगेलचे दगड

बाझिलिओ द गामा यांचे ‘ओ उराग्वाय’ हे पोर्तुगीज काव्य १७६९ साली लिस्बन येथे छापले गेले. पाच सर्ग, यमकाविना वाहणारी रचना, आणि विषय अवघ्या तेरा वर्षांपूर्वीच्या युद्धाचा. ब्राझीलच्या वाङ्मयेतिहासात त्याला मानाचे पान आहे. आमच्या मते ते पान त्याने कमावलेही आहे. मात्र ज्या हेतूने ते लिहिले गेले त्या हेतूमुळे नव्हे.

१७५० च्या माद्रिद तहान्वये उरुग्वाय नदीच्या पूर्वेकडील, जेझुइटांच्या देखरेखीखालची सात ग्वारानी गावे स्पेनने पोर्तुगालला देऊ केली. नकाशावरची रेघ सरकली आणि सुमारे तीस हजार माणसांना घरेदारे, शेतेभाते सोडून नदीपार जाण्याचा हुकूम सुटला. (अशा रेघेचे सामर्थ्य आमच्या बेळगावकर वाचकांना समजावून सांगायला नको.) ग्वारानींनी नकार दिला. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी त्यांचा नायक सेपे तियाराजू मारला गेला. तीनच दिवसांनी काइबोआते येथे दोन्ही राजांच्या संयुक्त फौजेने सुमारे दीड हजार ग्वारानींची कत्तल केली. पुढे १७६१ साली तो तहच रद्द झाला!

युद्धाच्या वेळी कवी पंधरा वर्षांचाही नव्हता. त्याचे शिक्षण जेझुइटांकडेच झालेले. पुढे त्यांच्याशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून हद्दपारीची पाळी आली, तेव्हा पोंबाल यांच्या कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ काव्य रचून त्याने सुटका करून घेतली. पोंबाल म्हणजे १७५९ साली जेझुइटांना पोर्तुगीज मुलुखातून, म्हणजे आपल्या गोव्यातूनही, घालवणारे मंत्री. तेव्हा ‘ओ उराग्वाय’मध्ये सारे पाप बाल्दा नावाच्या पाद्र्याच्या माथी यावे यात नवल नाही. काव्य अपुरे पडले म्हणून की काय, टीपांतूनही कवी जेझुइटांवर तुटून पडतो. या टीपा आज कंटाळवाण्या वाटतात.

परंतु दुसऱ्या सर्गात काकांबो सेनापतीसमोर उभा राहून आपल्या भूमीची बाजू मांडतो, आणि काव्य कवीच्या हातून निसटते. सेनापतीचे उत्तर राजाच्या औदार्याचे. काकांबोचा प्रश्न साधा आणि बिनतोड. ग्वारानी हे फसवले गेलेले भोळे जीव, हे कवीचे प्रतिपादन. त्याचे सर्वोत्तम पात्र मात्र पूर्ण जाणतेपणाने बोलते. लिंदोयाच्या सर्पदंशाचा प्रसंग रसिकांना अधिक प्रिय आहे. तो सुंदर आहेच, पण आम्हांला हा सर्ग मोठा वाटतो.

तरीही काकांबोची वाणी उसनी आहे. खऱ्या ग्वारानींना लिहिता येत होते. रुइझ द माँतोया यांचे ग्वारानी व्याकरण व शब्दसंग्रह १६४० साली माद्रिदला छापला गेला. त्याच वर्षी आपल्या राचोलला फादर स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण निघाले. १७५३ साली या सात गावांच्या पंचांनी ब्वेनोस आइरेसच्या गव्हर्नरास ग्वारानीतूनच पत्रे धाडली. राजा असा हुकूम देईल यावर आपला विश्वास बसत नाही, असे त्यांत सरळ म्हटले आहे. ही पत्रे शेजारी ठेवली की काकांबोचे भाषण थोडे फिके पडते.

त्या सात गावांपैकी साओ मिगेल हे आज भग्न चर्चभोवती वसलेले लहानसे नगर आहे. मिलानच्या प्रिमोली नामक जेझुइटाने आखलेले ते लाल दगडी चर्च १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लुसिओ कोस्ता यांनी १९४० मध्ये जुन्याच दगडखांबांचा उपयोग करून बांधलेले संग्रहालय मात्र आम्हांला काव्याहून प्रामाणिक वाटते. ग्वारानी घरांच्या ओळीसारखी लांब पडवी, वर कौले आणि काचेआड लाकडी मूर्ती. भाष्य म्हणून काही नाही.

भाष्य केले ते म्ब्या-ग्वारानींनीच, आपल्या चित्रपटांतून. २००८ च्या ‘दुआस आल्देयास’मध्ये ते या अवशेषांपाशी हस्तकलेच्या वस्तू विकताना दिसतात, आणि कॅमेरा उलट पर्यटकांकडे वळतो. २०१२ च्या ‘तावा’मध्ये वडीलधारी मंडळी हे दगड आपल्याच पूर्वजांनी रचले असे सांगतात, २०१४ साली ब्राझीलच्या वारसा खात्याने ‘तावा’ म्हणून या स्थळाची अधिकृत नोंदही केली. म्ब्यांच्या कथांत ‘केचुइता’ नावाचा एक दिव्य पुरुष आहे. नाव उघडच जेझुइटांवरून आलेले. पण कथेतला केचुइता युरोपातून आलेला पाद्री नव्हे, तो ग्वारानीच आहे.