क्रांतिक प्रवाह : संज्ञा आणि प्रतिमान

शास्त्रीय परिभाषेतील काही संज्ञा वस्तूचा गुण सांगतात, तर काही केवळ मोजणीचा संकेत सांगतात. दुसऱ्या वर्गातील संज्ञा पहिल्या वर्गात जाऊन बसली म्हणजे विचारात घोटाळा उत्पन्न होतो. अतिसंवाहकांच्या अभ्यासातील ‘क्रांतिक प्रवाह’ ही संज्ञा ह्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. ‘संक्रांत’, ‘अतिक्रमण’ हे शब्द त्याच धातूचे. त्यामुळे ही संज्ञा ऐकताच एक रेषा डोळ्यांसमोर उभी राहते : अलीकडे रोधशून्य अवस्था, पलीकडे रोध.

कामरलिंग ऑनेस यांना १९११ साली पाऱ्यात आढळलेल्या अतिसंवाहकतेपासून पुढे जे नीच-तापमान पदार्थ वापरात आले, त्यांच्या तारांच्या बाबतीत ही कल्पना पुष्कळशी चालून गेली. १९८६ साली बेडनॉर्झ व म्यूलर यांनी ज्यांचा मार्ग उघडला, त्या उच्च-तापमान अतिसंवाहकांत मात्र ती ढिली पडते. तेथे विद्युत् क्षेत्र प्रवाहाच्या एका घाताप्रमाणे वाढत जाते. हा घातांक पुष्कळदा २० ते ४० असतो. वाढ झपाट्याची खरी, पण अखंड. म्हणून सेंटिमीटरमागे १ मायक्रोव्होल्ट दाब आढळला की तो प्रवाह क्रांतिक मानावा, असा संकेत रूढ झाला आहे.

डहाणू तालुक्यातील बोर्डीचा किनारा ह्या बाबतीत उद्बोधक ठरेल. सपाट पुळणीमुळे ओहोटीला पाणी फार दूर जाते. समुद्र नेमका कोठे संपतो, हे पुळण सांगत नाही. किनारी नियमनासाठी भरतीरेषा नियमानेच आखावी लागते. उभ्या कड्यापाशी हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. रेषा मानलेली असल्याने ती निरुपयोगी होत नाही. मात्र ती कोणत्या नियमाने आखली, हे सांगणे अपरिहार्य होते.

बीन यांनी १९६२ साली मांडलेल्या प्रतिमानात क्रांतिक प्रवाहघनता चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून नाही असे गृहीत आहे. अध्यापनास ते आजही सोयीचे आहे. परंतु वेटोळ्यात प्रत्येक वेढ्यावरील क्षेत्र निराळे असते, आणि फितीच्या पृष्ठाला लंब असलेले क्षेत्र बहुधा अधिक घातक ठरते. म्हणून टोकाकडील वेढे प्रथम दुबळे पडतात. किम व त्यांचे सहकारी यांनी त्याच सुमारास क्षेत्रावरील अवलंबन हिशेबात घेतले. आजची प्रतिमाने तर वेढ्यावेढ्याचे गणित करतात. येथवर आक्षेपास जागा नाही. आक्षेप आहे तो एवढ्या सूक्ष्म गणिताअंती ‘वेटोळ्याचा क्रांतिक प्रवाह’ म्हणून एकच आकडा निकषावाचून छापण्यास.

कारण निकष दोन संभवतात : कोणताही एक वेढा मर्यादेस पोहोचणे, किंवा संपूर्ण वेटोळ्याची सरासरी मर्यादेस पोहोचणे. १ किलोमीटर फितीचे वेटोळे घ्यावे. सरासरीच्या निकषाने त्यावर एकूण ०.१ व्होल्ट दाब क्षम्य ठरतो. हा जवळजवळ सर्व दाब एकाच दुबळ्या मीटरमध्ये उत्पन्न होत असेल, तर तेथील विद्युत् क्षेत्र मर्यादेच्या हजारपट होते. घातांक ३० धरल्यास त्यासाठी त्या भागाच्या क्रांतिक प्रवाहाच्या केवळ सव्वापट प्रवाह पुरतो. १०० अँपिअर प्रवाह असता १० वॉट उष्णता किलोमीटरभर पसरण्याऐवजी एका मीटरमध्ये साठू लागते. ह्या फितींत तापलेला भाग सावकाश पसरतो. त्यामुळे दाबावरून सूचना उशिरा मिळते आणि तोवर फीत जळू शकते. सरासरीचा आकडा येथे गणिताने अचूक, परंतु अर्थाने फसवा ठरतो.

‘शेजारी’ हा शब्द उच्चारताच ‘कोणाचा?’ अशी आकांक्षा निर्माण होते. ‘क्रांतिक प्रवाह’ हे नामही त्याच जातीचे, सापेक्ष नाम आहे. कोणत्या तापमानास, कोणत्या क्षेत्रात व दिशेत, कोणत्या निकषाने, ही त्याची विशेषणे अलंकारादाखल नव्हेत. त्यांवाचून वाक्यच अपुरे राहते. प्रबंधातील कोष्टकाच्या शीर्षकात निकषाला स्थान नसेल, तर परीक्षकाने त्यातील आकडे वाचण्यापूर्वी तो मागितला पाहिजे.