चालता खर्ज : जयपूरच्या कव्हर बँडमधील बेस गिटार

मराठी संगीतविचारात जयपूर हे नाव शहर म्हणून क्वचित येते. ते येते घराणे म्हणून. उणियाऱ्यात जन्मलेले, या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, पुढे मुंबईत स्थिरावले, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्या गळ्यातून त्यांची गायकी महाराष्ट्रात इतकी मुरली की खुद्द जयपूर शहरात आज संध्याकाळी काय वाजते, हा प्रश्न मराठी समीक्षेला फारसा पडला नाही. वाजते ते बहुतांशी कव्हर बँडचे संगीत. कव्हर बँड म्हणजे स्वतःच्या रचना न करता लोकांना आधीच ठाऊक असलेली गाणी, बिदागी ठरवून, लग्नाच्या संगीतसंध्येत, हॉटेलच्या हिरवळीवर किंवा कॅफेत सादर करणारा पाचसहा वादक-गायकांचा संच. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी पाडताना जनसंगीताला अभ्यासविषयाचे पूर्ण स्थान दिले होते. तरीही या संचांकडे समीक्षकांनी पाहिले ते करमणुकीचा धंदा म्हणून. अशा संचात सर्वांत कमी लक्ष वेधणारे वाद्य म्हणजे बेस गिटार. ते नसले तर श्रोत्यांपैकी बहुतेकांना काय हरवले हे सांगता येणार नाही, मात्र काहीतरी हरवले आहे हे पायांना कळेल.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या या विद्युत्-वाद्याला मूळच्या चार तारा असतात. त्यांतली सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेहूनही (सुमारे ६९ कंपने) हा स्वर बराच खाली असतो. वाद्याचे काम दुहेरी आहे. ड्रमच्या आघातांशी जुळवून घेत लय धरायची, आणि त्याच वेळी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा गुच्छ, बदलेल तसा त्या गुच्छाचा मूळ स्वर तळाशी मांडायचा. हिंदुस्थानी संगीतात ही दोन कामे एका हातात कधीच नव्हती. तानपुऱ्याचा खर्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. तबल्याचा डग्गा घुमारा देतो, लयीबरोबर झुलतो, मींडेसारखा आवाज वर-खाली घेतो, परंतु कॉर्डचा मूळ स्वर सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. बेस गिटार हा उत्तर भारतीय कानासाठी चालता खर्ज आहे. तो कुठे चालू द्यावा आणि कुठे थोपवावा, यावरच जयपूरच्या बेसवादनाचे गुणदोष ठरतात.

जयपूरच्या जुन्या संगीतात या चालत्या खर्जाला जागा नव्हती, हे दोन अगदी वेगळ्या उदाहरणांवरून दिसते. लग्नाच्या लवाजम्यात, म्हणजे वरातीच्या हत्ती-घोडे-रोषणाईच्या सरंजामात, पुढे चालणाऱ्या ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम ही वाद्ये चाल बहुधा एकस्वरातच वाजवतात. ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ (२००५) या ग्रंथात भारतीय बँडवाल्यांचा जो विस्तृत अभ्यास मांडला, त्यातूनही या बँडांत स्वरसंवादाचे, म्हणजे हार्मनीचे, अंग किती पातळ असते ते कळते. पाश्चात्त्य बँडमध्ये तळाचा स्वर सांभाळणारे सूझाफोन हे अजस्र वाद्य आपल्याकडच्या अनेक बँडांत खांद्यावर मिरवते ते मुख्यतः शोभेसाठी. खालची बाजू ढोल आणि ड्रम भरून काढतात. दुसरे उदाहरण प्रतिष्ठेच्या दुसऱ्या टोकाचे आहे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा ही मुळात फेरफार केलेली गिटारच, आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दोन गिटारवादकांच्या या मुद्रिकेत बेस नाही. साथीला सुखविंदर सिंग नामधारींचा तबला आणि जोआकिम कूडर यांचे डंबेक हे हाताने वाजवायचे तालवाद्य आहे, आणि तळ जितका हवा तितका डग्ग्याने दिला आहे. तिथे बेसची उणीव भासत नाही, कारण ते संगीत कॉर्डच्या चालीवर उभेच नाही.

कव्हर बँड मात्र ज्या गाण्यांवर जगतो ती त्या चालीवर उभी आहेत, आणि ती आली मुंबईहून. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी, चर्चच्या शाळांत शिकलेल्या पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या बळावर, स्वरसंवादाची भाषा रुजवली. तिथे तळ आधी उभ्या डबल बेसने आणि साठीच्या दशकानंतर वाढत्या प्रमाणात बेस गिटारने सांभाळला. राहुल देव बर्मन यांच्या संचातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच छापली गेली, परंतु सत्तरच्या दशकातील गाणी आज लग्नात वाजवणारा प्रत्येक बेसवादक नकळत त्यांचाच शागीर्द असतो. ‘कुर्बानी’साठी (१९८०) बिद्दू यांनी केलेल्या गाण्याने डिस्को पद्धतीचा बेस घरोघर पोहोचवला. त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट या विषयाच्या मुळाशी जाते. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे चरणजित सिंग चित्रपटाबाहेर बरेचसे वाजवीत ते लग्नसमारंभांतून, लोकप्रिय गाण्यांचे कव्हर करणाऱ्या बँडमध्ये. १९८२ मध्ये त्यांनी दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली आणि तिच्यात रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र वापरले. हे यंत्र एकट्याने वाजवणाऱ्या कलावंताला बेसवादकाची उणीव भासू नये म्हणून काढलेले होते. ते या कामात अपयशी ठरले, १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, आणि पुढे नृत्यसंगीताने त्याला वेगळ्याच कारणासाठी डोक्यावर घेतले. बेसवादकाला वगळण्याची कल्पना जयपूरच्या आजच्या आयोजकांची नाही, एवढे यावरून लक्षात यावे.

महाराष्ट्रातील वाचकाला कव्हर बँड म्हटले की ‘ऑर्केस्ट्रा’ आठवेल, आणि पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या वाद्यवृंदांची तुलना इथे उपयोगी पडते. ऑर्केस्ट्राचा आदर्श हुबेहूबपणाचा होता. प्रेक्षक तिकीट काढून बसत, आणि तबकडीवरचा प्रत्येक तुकडा जसाच्या तसा ऐकू आला की टाळी देत. जयपूरच्या लग्नात बसून ऐकणारा श्रोता जवळजवळ नसतोच. लोक नाचतात, जेवतात, फोटो काढतात, आणि गाणी अर्धीमुर्धी, एकातून दुसरीत शिरत, मेडलीच्या रूपात येतात. अशा वेळी मूळ बेसचा प्रत्येक स्वर पाठ असण्यापेक्षा एका गाण्याच्या अखेरच्या कॉर्डवरून पुढच्या गाण्याच्या पट्टीत दोन मात्रांत कसे पोहोचायचे हे कळणे मोलाचे ठरते. तो सांधा बांधतो बेसवादक. गायक बदलला की पट्टी बदलते. काळी एकमध्ये बसवलेले गाणे गायिकेसाठी काळी चारमध्ये न्यावे लागते, आणि या पट्ट्यांत मोकळ्या तारांचा आधार जवळपास संपतो. काळी एकचा खोल षड्ज चार तारांच्या बेसवर खाली मिळतच नाही, तो एक सप्तक वर घ्यावा लागतो. पाच तारांचा बेस या धंद्यात पसरला तो पुष्कळसा यामुळे. त्यात दिखाऊपणाही थोडा आहे, पण गरज खरी आहे.

वर्षाचे गणितही ध्यानात घेण्याजोगे आहे. राजस्थानात लग्नाच्या मुहूर्तांना सावे म्हणतात. ते देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या मलमासात थांबतात. नेमक्या त्याच महिन्यात नाताळ आणि नववर्षाच्या निमित्ताने हॉटेले परदेशी व महानगरी पाहुण्यांनी भरतात, आणि रामबाग पॅलेससारख्या वास्तूंच्या, म्हणजे १९५७ मध्ये राजवाड्याचे हॉटेल झाले तेव्हापासून सुरू झालेल्या परंपरेच्या, छायेत इंग्रजी गाण्यांचा हंगाम येतो. एकाच वादकाला पंधरवड्यात दोन वाङ्मये पाठ करावी लागतात: साव्यांत पंजाबी ठेक्याची हिंदी गाणी, ज्यांत बेस ढोलाच्या मागे दबून चालतो, आणि मलमासात सोल व रॉक, ज्यांत बेसच गाण्याचा कणा असतो. जे वादक या दुसऱ्या हंगामात घडले त्यांचे साव्यांतले वादनही ओळखू येते. त्यांचे स्वर लांबीने मोजके असतात आणि दोन स्वरांमधली शांतता ते वाजवल्यासारखी सांभाळतात.

खुल्या हिरवळीवर या कौशल्याचे बरेचसे वाया जाते. मोकळ्या जाड तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. बंद दालनात भिंती ती परतवतात, पण मोकळ्यावर ती निघून जाते, आणि रंगमंचावर भरदार वाटलेला बेस जेवणाच्या मांडवात पोहोचेपर्यंत केवळ ड्रमचा धप्पा उरतो. हवेलीच्या दगडी चौकात उलटे होते: स्वर इतका रेंगाळतो की पुढच्या कॉर्डवर मागचाच मूळ स्वर पसरून राहतो, आणि जलद बेसचा चिखल होतो. त्यातच ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. कार्यक्रम बंद सभागृहात हलला की खालचे स्वर भिंतीतून आरपार जातात म्हणून पहिली कात्री बेसलाच लागते. जानेवारीच्या रात्री उबदार खोलीतून थंड हिरवळीवर आणलेल्या तारा आकसून स्वर चढवतात, आणि कोरड्या हवेत लाकडी मान वाकते, म्हणून तिच्या पोटातली ट्रस रॉड नावाची सळई पिळून ती सरळ करावी लागते. असल्या कामगिरीची दखल समीक्षेत घ्यायची नसते असा संकेत आहे. तो सोडायला हवा.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र ध्वनिव्यवस्थेचा नाही, मांड या राजस्थानी गानप्रकाराचा आहे. पाहुण्यांच्या स्वागताला मांड हवीच असते, आणि बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाईंनी गाजवलेले ‘केसरिया बालम’ जयपूरच्या जवळपास प्रत्येक कव्हर बँडच्या यादीत असते. मांडेला ‘आधुनिक’ करण्याची ठरलेली रीत म्हणजे सा, ध, म, प या मूळ स्वरांवरच्या चार कॉर्डचे अखंड चक्र, जे जगभरच्या पॉप गाण्यांत ऐकू येते. बेस हे चक्र इमानेइतबारे मांडतो, आणि तिथेच घोटाळा होतो. गायिकेने लांबवलेला षड्ज ज्या क्षणी बेस धैवतावर जातो त्या क्षणी त्या धैवताचा कोमल गंधार भासू लागतो. बेस मध्यमावर गेला की तोच षड्ज पंचमासारखा आणि पंचमावर गेला की मध्यमासारखा. गळा स्थिर आहे आणि त्याच्या स्वराचा अर्थ दर दोन मात्रांनी बदलतो आहे. चित्रपटगीतांत हे चालते, कारण त्यांची चाल कॉर्डसह जन्मलेली असते. मांडेचा सारा डौल षड्जावर परत येऊन विसावण्यात आहे. तो विसावाच तळातून ढकलला गेला तर उरते ते राजस्थानी शब्दांचे पॉप गाणे. पर्याय नाही असेही नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने, ज्यात राहुल राम बेस वाजवतात आणि गातात, ‘कंदिसा’ (२०००) या मुद्रिकेत नर्मदाकाठच्या लोकगीताला हात घातला तेव्हा कॉर्डच्या फेऱ्यांपेक्षा लयदार, पुन्हापुन्हा येणाऱ्या आकृतीवर भर दिला. खर्ज तिथे चालतो, पण आपल्याच अंगणात. जयपूरच्या बेसवादकांना राजस्थानातील मांगणियार लोकगायकांच्या कमायचा या गजाने वाजणाऱ्या वाद्याचा दाट, घोगरा तळ हाताशी असताना हा धडा दिल्लीकडून घ्यावा लागावा, याचे नवल वाटते.

कलेची सद्यःस्थिती ठरवणारी आणखी एक गोष्ट आर्थिक आहे. अंदाजपत्रक आखडले की आधी बेसवादक गळतो. कॅफेतल्या त्रयीत गिटार, गायक आणि काहोन, म्हणजे ज्यावर बसून हाताने वाजवायचे ती लाकडी पेटी, एवढ्यावर भागते. मध्यम संचात कीबोर्डवादकाचा डावा हात बेस होतो. मोठ्या संचात संगणकावरच्या तयार सिक्वेन्समध्ये बेस आधीच भरलेला असतो आणि बाकीचे कानातल्या क्लिकवर, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीवर, वाजवतात. यंत्रातला बेस चुकत नाही, पट्टीही हवी तशी बदलतो. त्याला जमत नाही ते एवढेच की नवरीचा मामा अचानक नाचायला उतरला म्हणून अंतरा आणखी एक फेरा लांबवायचा आहे, हे ओळखणे. काही संचांनी यावर मजेशीर तोडगा काढला आहे: संगणक चालवण्याचे काम बेसवादकाकडेच दिले आहे, त्यामुळे एका गाण्यात तो वाजवतो आणि पुढच्या गाण्यात आपल्याच बदल्याचे बटण दाबतो.

नव्या पिढीची हौस मात्र वाढली आहे, आणि तिचे एक कारण मुंबईच्या मोहिनी डेसारख्या वादकांनी जगभर मिळवलेले नाव. मात्र त्यातून घेतले जाते ते अंगठ्याने तार आपटण्याचे स्लॅप तंत्र आणि बोटांचा वेग. त्यामागची लयीची शिस्त ध्वनिफितीवरून उचलता येत नाही. शिकणारे बहुतेक गिटारवरून इकडे वळतात आणि बेसला कमी तारांची गिटार समजतात. लंडनच्या परीक्षामंडळांच्या बेसच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षा देता येतात, त्यांत वाचन आणि ठरलेल्या रचना असतात. मांडेखाली चार आवर्तने नुसता षड्ज धरून बसण्याची परीक्षा त्यांत नाही, आणि गायकाने आयत्या वेळी सांगितलेल्या पट्टीत अनोळखी गाण्याचा तळ शोधण्याचीही नाही. ते साव्यांतच शिकले जाते, वरिष्ठ ड्रमरच्या डाव्या बाजूला उभे राहून, त्याच्या उजव्या पायाच्या पेडलवर डोळा ठेवून.