मागील वर्षांचे निवृत्ती-अंशदान आणि अमेरिकेतील वेतन-कर विवरणपत्र : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेत नियोक्ता कर्मचाऱ्यास दरवर्षी जे वेतन-कर विवरणपत्र देतो, त्यास 'डब्ल्यू-२' असे म्हणतात. लष्करी सेवेवरून नोकरीत परतलेल्या कर्मचाऱ्यास १९९४ च्या पुनर्नियुक्तीविषयक कायद्यानुसार सेवाकाळात राहून गेलेले निवृत्ती-अंशदान नंतर भरता येते. त्यासाठी सेवाकाळाच्या तिप्पट, परंतु कमाल पाच वर्षांची मुदत असते. या अंशदानाच्या नोंदपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अशा अंशदानास दोन वर्षे चिकटलेली असतात. ४०१(के) योजनेतील नेहमीच्या करपूर्व अंशदानाची वजावट ते भरले त्या वर्षाच्या वेतनातून होते. कमाल मर्यादा मात्र ज्या वर्षासाठी ते भरले त्या वर्षाची लागू होते. म्हणून बाराव्या रकान्यात 'डी' या संकेताक्षरापुढे वर्षाचे दोन अंक व नंतर रक्कम लिहावी, असा नियम आहे. तत्त्वतः ही योजना निर्दोष आहे.

दोष आहे तो मौनाच्या अर्थात. वर्ष लिहिले नसल्यास अंशदान चालू वर्षाचे समजावे, असे कर्मचाऱ्यासाठीच्या सूचनेतच म्हटले आहे. साहजिकच नियोक्त्याचे विस्मरण हे विस्मरण न राहता विधान ठरते. उदाहरणार्थ, २०२४ साली पन्नाशीच्या आतील कर्मचाऱ्यासाठी मर्यादा २३,००० डॉलर होती. एखाद्याने ती पूर्ण भरून २०२३ सालासाठी आणखी ५,००० डॉलर भरले आणि दोन्हींची नोंद एकत्र झाली, तर २८,००० हा आकडा मर्यादाभंग दर्शवितो. मर्यादेबाहेरची रक्कम मुदतीत परत न घेतल्यास तिच्यावर भरताना व काढताना असा दोनदा कर बसतो. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क बजावणाराच कागदावर दोषी दिसतो.

शिवाय शासनाकडे जाणाऱ्या कागदी प्रतीत बाराव्या रकान्यात चारच नोंदी मावतात. अनेक वर्षांचे अंशदान भरणाऱ्यासाठी त्यामुळे दुसरे विवरणपत्र जोडावे लागते.

समारोप :
'डब्ल्यू-२सी' या दुरुस्तीपत्राने चूक सुधारता येते; परंतु ती आधी लक्षात यावी लागते. मागील वर्षांच्या अंशदानासाठी स्वतंत्र संकेताक्षर असते, तर वर्ष गाळताच नोंद अपुरी दिसली असती. सैनिकाचा हक्क केवळ दोन अंकांच्या आधारावर ठेवणे, ही या विवरणपत्राची खरी उणीव होय.