आंबट तांबड्याचा ताळेबंद

बेल्जियममधल्या रोडेनबाखवाल्यांची तांबडी आंबट बिअर ओकच्या अवाढव्य पिंपांत दोन-दोन वर्षं मुरते, आणि जाणकार तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. मग केशवसुतांच्या मालगुंडातल्या आगळानं कोणाचं घोडं मारलंय?

रातांब्याचा रस आणि मीठ, एवढंच त्याचं भांडवल. चमचाभर जिभेवर घ्यावं. आधी मीठ खातं उघडतं, मग आंबटपणा व्याजासकट वसुली करतो. गालफडं आत ओढली गेली की समजावं, माल अस्सल. अमृत कोकम हा त्याचाच मुंबईला नोकरीला लागलेला भाऊ. बोलायला गोड, पण साखरेआड पातळ रसही खपून जातो, म्हणून माझा त्याच्यावर भरवसा कमी. आगळाला ती सोय नाही. वळवाच्या सरींनी रातांबा पाणचट झाला असेल, तर पहिल्याच चमच्याला कळतं.

सोलकढी मात्र डोळ्यांनीच तपासावी. नारळाच्या दुधात आगळ पडलं की फिकट गुलाबी छटा येते, बस्स. एका खाणावळीत माझ्यापुढे वाटी आली ती थेट लग्नातल्या शालूच्या रंगाची! बीट होतं. वाढपी म्हणाला, "पर्यटकांना रंग लागतो हो, साहेब."

मी वाटी परत केली आणि ताकभातावर भागवलं.