सहा कोस, बारा कोस : रस्त्यावरची बाई आणि आपले साहित्य

उर्दू कथाकार गुलाम अब्बास यांची ‘आनंदी’ ही कथा नगरपालिकेच्या सभेने सुरू होते. सभागृह खच्चून भरलेले आहे. विषय एकच : बाजारात बसणाऱ्या बायकांना शहरातून काढायचे. एकेक सभासद उठतो आणि लेकीसुनांच्या येण्याजाण्याबद्दल, तरुण पोरांच्या चालचलणुकीबद्दल, शहराच्या अब्रूबद्दल बोलतो. ठराव मंजूर होतो. शहरापासून सहा कोसांवर, ओसाड माळावर जागा ठरते. ज्यांच्या गाठीला पैसा आहे अशा मोजक्या बायका तिथे घरे बांधायला घेतात. घरे बांधायची म्हणजे गवंडी-मजूर आले, मजुरांसाठी खानावळ आली, पडक्या मशिदीची डागडुजी झाली, दुकाने आली. वीस वर्षांत तिथे शहर उभे राहते, त्या शहराला नगरपालिका मिळते, आणि तिच्या खच्चून भरलेल्या सभेत पुन्हा तोच ठराव येतो. या वेळी जागा बारा कोसांवर आहे.

श्याम बेनेगल यांच्या ‘मंडी’ (१९८३) या चित्रपटामुळे ही कथा उर्दूबाहेरही पोचली. बहुतेकांना तिच्यातला उपरोध आठवतो. मला मात्र त्यातला एक लहानसा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. सहा कोसांवर जातात त्या पैसेवाल्या बायका. उरलेल्या, संख्येने कितीतरी जास्त असलेल्या गरीब बायका जायला नकार देतात. शहरातली हॉटेले गाठू, सभ्य मोहल्ल्यांच्या कानाकोपऱ्यांत शिरू, नाहीतर दुसऱ्या गावी जाऊ, असे त्या ठरवतात. पुढे कथा या बायकांकडे वळून पाहत नाही. पण ठरावाचा खरा परिणाम तिथेच आहे. धंदा संपला नाही. तो ओळखीच्या गल्लीतून अनोळखी गल्लीत, खोलीतून रस्त्यावर गेला.

रस्त्यावरच्या वेश्याव्यवसायाची बातमी आपल्याकडे नेहमी दोन बाजूंची असते. एक बाजू रहिवाशांची : निवेदन, मोर्चा, ‘आमच्या मुलींना इथून जाता येत नाही.’ दुसरी पोलिसांची : छापा, इतक्या ताब्यात, इतक्या सुधारगृहात. जिच्याबद्दल हे सारे चालले आहे ती बाई ही तिसरी बाजू नसते. ती फक्त विषय असते. या तिढ्याचे सर्वांत नेमके वर्णन सरकारी फायलींत नाही, आपल्या भाषांतल्या साहित्यात आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र आपण समीक्षकांनी, विशेषतः मराठीत, ते त्या अंगाने वाचलेले नाही. आपण त्यात करुणा वाचली, नाहीतर नरक वाचला. वस्ती वाचली नाही.

आधी कायदा पाहू, कारण या साहित्यामागे तो सतत उभा आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा वेश्याव्यवसायाला स्वतःहून गुन्हा ठरवत नाही. एकटी बाई स्वतःच्या खोलीत, देऊळ-शाळा-इस्पितळापासून दोनशे मीटरच्या बाहेर, धंदा करत असेल तर तिच्यावर सहसा कलम लागत नाही. पण जिला खोली नाही, जी फुटपाथवर उभी राहून गिऱ्हाईक पाहते, तिच्यासाठी आठवे कलम आहे : सार्वजनिक जागी खुणावल्याबद्दल पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. गिऱ्हाईक या कलमात सापडत नाही. तो सापडला तर सातव्या कलमात, दोनशे मीटरच्या आत. म्हणजे ज्याला आपण नैतिकतेचा कायदा म्हणतो तो व्यवहारात जागेचा कायदा आहे. आणि विसावे कलम तर ‘आनंदी’तला ठरावच आहे : दंडाधिकाऱ्याने बाईला एखाद्या भागातून निघून जायला सांगावे आणि परत येण्यास मनाई करावी. १९५८ मध्ये हुस्नाबाई नावाच्या एका तरुणीने अलाहाबाद उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान दिले. हा धंदा म्हणजे आपली उपजीविका आहे, असे तिने नव्या राज्यघटनेच्या आधारे सांगितले. तिचा अर्ज टिकला नाही. कानपूरच्या बायकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली विसावे कलम वैध ठरवले. अब्बास यांची कथा त्याआधीची, फाळणीपूर्वीची आहे. वास्तवाने कथेची नक्कल केली असे म्हणायचा मोह होतो, पण खरे असे की नगरपालिकांची ही सवय जुनीच होती आणि कथाकाराने ती नीट पाहिली होती.

मंटोनेही ती पाहिली होती. ‘काली शलवार’मधली सुलताना अंबाला छावणीतून दिल्लीला येते, तेव्हा तिला जी जागा मिळते ती कमिटीने या बायकांसाठीच नेमून दिलेली आहे, त्यांनी शहरभर अड्डे करू नयेत म्हणून. सगळी घरे एकसारखी. आपले घर कोणते हे सुलताना खालच्या लाँड्रीच्या पाटीवरून ओळखते. अंबाल्यात तिचा जम बसलेला होता. इथे गिऱ्हाईक फिरकत नाही. एका वस्तीतून उपटून दुसरीकडे ठेवलेल्या माणसाचे हे चित्र आहे, आणि त्यात कुठेही नैतिक भाष्य नाही. फक्त एक पाटी आहे.

मुंबईत घडणारी ‘हतक’ याहून पुढे जाते. रात्री दलाल येतो, सौगंधी नटून खाली रस्त्यावर जाते, मोटारीतला सेठ तिच्या तोंडावर टॉर्च मारतो, एक नापसंतीचा हुंकार काढतो आणि गाडी निघून जाते. या दृश्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माधोबद्दल कमी. माधो पुण्याचा हवालदार. तो सौगंधीला सांगतो, हा धंदा सोड, तुझा महिन्याचा खर्च मी देईन. देत कधीच नाही. उलट तिच्याच पैशांवर चैन करून जातो. कथेच्या शेवटी तो येतो तेही पन्नास रुपये मागायला. खाकी, उपदेश आणि फुकटेगिरी मंटोने एकाच माणसात बसवली. ‘पोलीस आणि पुनर्वसन’ या विषयावर कितीही अहवाल वाचले तरी हा माधो मला त्यांच्या पानांआड उभा दिसतो.

मल्याळममध्ये याच माधोची गोष्ट बाईने स्वतः सांगितली. नलिनी जमीला यांचे आत्मकथन २००५ साली आले. एका लेखकाच्या मदतीने झालेली पहिली आवृत्ती त्यांना पसंत पडली नाही, म्हणून त्याच वर्षी त्यांनी ते पुन्हा लिहिले. मी ते जे. देविका यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचले आहे. शीर्षकातला ‘तोळिलाळी’ म्हणजे कामगार हा शब्द इंग्रजीत पातळ होतो. केरळात तो विडी कामगाराला, काथ्या कामगाराला, संघटनेच्या लाल झेंड्याखालच्या प्रत्येकाला लागतो. जमीला स्वतः लहानपणी कौलांच्या मातीच्या खाणीत राबलेल्या. नवरा वारल्यावर दोन मुलांसाठी सासूला रोज पाच रुपये द्यायचे होते, आणि खाणीच्या मजुरीत ते बसत नव्हते. धंद्यात येण्याचे कारण त्या इतक्या कोरड्या हिशेबाने सांगतात.

त्यांचे पहिले गिऱ्हाईक एक मोठा पोलीस अधिकारी होता. रात्र सरकारी विश्रामगृहात गेली. सकाळी बाहेर पडल्यावर त्यांना पोलिसांनीच पकडले आणि ठाण्यात मारहाण केली. या प्रसंगावर जमीला आक्रोश करत नाहीत. पुढे त्या रस्त्यावरच्या कामाचे बारकावे सांगतात : कुठे उभे राहायचे, कोणाबरोबर जायचे नाही, कुठला पोलीस त्रास देतो, भाड्याने घर घेताना शेजाऱ्यांना काय सांगायचे. गिऱ्हाईक, पोलीस, गुंड, घरमालक, मैत्रिणी, मुलगी या सगळ्यांमधून वाट काढणारी ही बाई कोणत्याही मोहल्ल्यातल्या कर्त्या बाईसारखी आहे. पुस्तकावर केरळात वाद झाला तो तिने पश्चात्ताप केला नाही म्हणून. माझ्या मते पुस्तकाचे मोल दुसरीकडे आहे : रस्त्याचा भूगोल त्यात पहिल्यांदा तिच्या बाजूने काढला गेला.

आता मराठीकडे. आपल्याकडे या विषयाचे नाव काढले की ‘गोलपिठा’ येतो. नामदेव ढसाळांचा हा संग्रह १९७२ चा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ढसाळांबरोबर त्या भागात फिरून, शब्दांचे अर्थ विचारून त्यांनी ती लिहिली. तिचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण तिने मराठी वाचकाला एक सवयही लावली. गोलपिठा म्हणजे वाटाड्या घेऊन जायची जागा. आपल्या जगाची हद्द संपते तिथून सुरू होणारी. पुढे दिलीप चित्रे यांच्या समर्थ इंग्रजी अनुवादाच्या नावातही ढसाळ ‘अंडरवर्ल्ड’चे कवी झाले. अधोलोक, नरक, काळोख : ढसाळांवरच्या मराठी समीक्षेत हे शब्द किती वेळा येतात ते पाहावे. त्यांत आदर आहे, पण अंतरही आहे. ते अंतर मला सहा कोसांचे वाटते. नगरपालिका ठरावाने जे करते ते आपण रूपकाने केले.

ढसाळ त्या भागात पाहुणे नव्हते. ढोर चाळीत त्यांचे लहानपण गेले. मुंबईच्या नकाशावर कामाठीपुरा, फोरास रोड, फॉकलंड रोड हे ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे शाळा आहेत, दवाखाने आहेत, कारखाने आहेत. ‘मंदाकिनी पाटील’ या कवितेकडे नरकातली प्रतिमा म्हणून पाहता येते, तसेच एका शेजाऱ्याने आपल्या शेजारणीबद्दल, तिचे पूर्ण नाव घेऊन, केलेले बोलणे म्हणूनही पाहता येते. नाव आणि आडनाव. पोलिसांच्या नोंदीत ते आरोपीचे असते; इथे ते ओळखीचे आहे. या दुसऱ्या वाचनात कवितेचा संताप कमी होत नाही. तो कोणावर आहे ते फक्त स्पष्ट होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. रहिवाशांचे काय? ज्या बाईला रोज संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायचे आहे, जिच्याकडे पाहून मोटारवाला काच खाली करतो, तिची तक्रार खोटी आहे का? अजिबात नाही. अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टाईन यांनी १९७९ मध्ये पोलिसांच्या कामाबद्दल एक साधी गोष्ट मांडली : पोलिसांनी किती जणांना पकडले हे मोजू नये, समस्या नेमकी कोणती ती सुटी करून पाहावी. त्या रहिवासी बाईचा त्रास सुटा करून पाहिला तर तो काच खाली करणाऱ्या माणसाचा निघतो. रात्रीचा गोंगाट, दारू, मारामारी, दलालांची दादागिरी हे त्रास फुटपाथवर उभ्या बाईलाही होतात, आणि जास्त होतात. दोघींची तक्रार बरीचशी एकच आहे. पण एकीला निवेदन देता येते आणि दुसरीला पोलीस ठाण्याची पायरी चढली की तिच्यावरच कलम लागण्याची भीती असते.

हे न पाहता काय होते ते आपण पाहिले आहे. गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात पाडली. धंदा थांबला नाही, पांगला. नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये गंगा-जमुना वस्तीचे रस्ते पोलिसांनी अडवले, जमावबंदी लावली. वस्ती बंद व्हावी म्हणणारे रहिवासी एकीकडे, बायका आणि त्यांचे पाठीराखे दुसरीकडे, मध्ये लोखंडी अडथळे. पुढच्याच वर्षी, १९ मे २०२२ रोजी, कोलकात्यातल्या एका बाईच्या खुनाच्या खटल्यातून वाढत गेलेल्या बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, शिवीगाळ आणि मारहाण करू नये. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला इतके मूलभूत काही लिहून द्यावे लागले, यातच परिस्थिती कळते.

सांगलीच्या बायकांनी १९९६ मध्ये संघटना काढली, तेव्हा नावात ‘वेश्या’ हा शब्द जाणूनबुजून ठेवला : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी पत्ता म्हणून वापरला. मराठी साहित्यात अशा बाईचे, तिने स्वतः लिहिलेले, वस्तीच्या हिशेबाचे पुस्तक जमीलांच्या तोडीने चर्चेत आलेले नाही. दलित आत्मकथनांनी गावकुसाबाहेरचा भूगोल मराठी वाचकाला शिकवला. त्याच भाषेत शहराच्या आतल्या या गावकुसाबद्दल वाचकाला शिकवणारे कोणी यायचे आहे. ती येईल तेव्हा तिच्या पुस्तकाला ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अंधाऱ्या जगाचे दर्शन’ ही आपली ठेवणीतली विशेषणे लावण्याआधी आपण दोन प्रश्न विचारावेत. ती कुठल्या रस्त्यावर राहते? आणि त्या रस्त्यावर आपण तिचे कोण?