बडी रात : इबादत, रिवाज आणि आपण

शाबानची दहा-बारा तारीख उलटली की आमच्या घाटकोपरच्या वस्तीत एकाच भिंतीवर दोन कागद दिसू लागतात. एक हिरव्या शाईत छापलेला असतो. त्यावर 'बडी रात'च्या जलशाचे निमंत्रण, वक्त्यांची नावे, नातख्वानीची वेळ आणि शेवटी न्याजचा उल्लेख असतो. दुसरा पांढरा, झेरॉक्स काढलेला असतो. शबे-बरातला जागणे, हलवा करणे, कब्रस्तानात जाणे हे सारे बिदअत आहे आणि बिदअतचा रस्ता जहन्नमकडे जातो, असे त्यावर बजावलेले असते. सकाळपर्यंत दोहोंपैकी एक कागद फाटलेला असतो. कोणता, हे त्या गल्लीत कोणत्या मसलकाची घरे जास्त आहेत यावर ठरते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली मुले हे दोन्ही कागद वाचू शकतात आणि वाचतातही. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने डब्यात चण्याच्या डाळीचा हलवा आणला होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तो घेतला नाही. तिच्या अब्बांनी सांगितले होते की हा हलवा खाऊ नये. दुसऱ्या दिवसापासून दोघी वेगळ्या बाकांवर बसू लागल्या. काही दिवसांनी पहिलीने मला विचारले, "टीचर, हलवा हराम आहे का?" मी तेव्हा "नाही" एवढेच म्हटले आणि धडा पुढे नेला. पण प्रश्न मनात राहिला. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले, पडताळले, ते वाचकांपुढे ठेवत आहे. मी आलिमा नाही. फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जी गोष्ट आपल्या घराघरात भिंत उभी करते, तिची तपासणी करण्याचा हक्क प्रत्येक वाचणाऱ्याला आहे.

आपल्याकडे जागरणाच्या तीन रात्री मानल्या जातात : रज्जबची सत्तावीसवी म्हणजे शबे-मेराज, शाबानची पंधरावी म्हणजे शबे-बरात आणि रमजानची शबे-कद्र. या तिन्ही रात्रींचा दर्जा एक नाही, आणि निम्मा गोंधळ त्यांना एकाच तराजूत तोलल्याने झाला आहे. शबे-कद्रबद्दल वाद नाही. तिच्या नावाने कुरआनात स्वतंत्र सूरह (९७) आहे. मात्र ती सत्तावीसवीच आहे असे ठरवून बाकीच्या रात्री झोपून काढणे, ही आपली सोय आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत ती शोधा, असे बुखारीतल्या हदीसमध्ये आहे. मेराजची घटना सूरह बनी इस्राईलच्या (१७) पहिल्या आयतीवरून व हदीसवरून सिद्ध आहे, पण तिची तारीख नाही. इब्ने हजर यांनी 'फतहुल बारी'त तिच्याविषयी दहाहून अधिक मते नोंदवली आहेत. ज्या रात्रीची तारीखच सहाबांनी जपून ठेवली नाही, ती त्यांनी दरवर्षी साजरी केली असेल असे मानायला आधार नाही. मेराजची खरी भेट म्हणजे पाच वेळची नमाज. ती भेट रोज पाच वेळा आपल्या दाराशी येते आणि आपण वर्षातून एकदा जागून तिचे आभार मानतो.

खरा वाद शबे-बरातचा आहे. सूरह दुखानच्या (४४) तिसऱ्या आयतीत ज्या बरकतीच्या रात्रीचा उल्लेख आहे ती हीच, असे जलशांत सांगितले जाते. ताबिईंपैकी इक्रिमा यांच्याकडे हे मत जाते. पण बहुतेक मुफस्सिरांनी ती शबे-कद्र मानली आहे आणि त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. त्या आयतीत कुरआन उतरल्याची रात्र सांगितली आहे, आणि कुरआन रमजानमध्ये उतरले हे सूरह बकराच्या १८५व्या आयतीत स्पष्ट आहे. तेव्हा कुरआनाचा आधार बाजूला ठेवून हदीसकडे वळावे लागते.

हदीसमध्ये तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, हजरत अली (रजि.) यांच्या नावाने इब्ने माजात असलेली रिवायत. रात्री उभे राहा व दिवसा रोजा ठेवा, असा तिचा आशय. हिच्या सनदीत इब्ने अबी सबरा नावाचा रावी आहे, ज्याच्यावर इमाम अहमद यांनी हदीस रचल्याचा ठपका ठेवला आहे. दुसरी, तिरमिजीतली हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत. एका रात्री प्रेषित (स.) घरात दिसले नाहीत म्हणून त्या शोधत गेल्या, तर ते बकी कब्रस्तानात होते. खुद्द तिरमिजी यांनीच नोंदवून ठेवले आहे की इमाम बुखारी ही रिवायत जईफ मानत. तिसरी रिवायत हजरत मुआज बिन जबल, अबू मूसा अशअरी (रजि.) आणि इतर सहाबांकडून आली आहे. या रात्री अल्लाह आपल्या मखलूककडे पाहतो आणि सर्वांना माफ करतो. फक्त दोघे वगळले जातात, शिर्क करणारा आणि मनात कीना बाळगणारा. हिची एकेक सनद कमजोर असली तरी सर्व मिळून ती टिकते, असे मानणारे अनेक मुहद्दिस आहेत. विसाव्या शतकातले शेख नासिरुद्दीन अल्बानी यांनीही तिला सहीह ठरवले आहे. पांढरा कागद छापणाऱ्यांना हे नाव परके नाही.

आता अमलाचा इतिहास पाहू. इब्ने रजब हंबली (मृत्यू हिजरी ७९५) यांनी तो प्रामाणिकपणे मांडला आहे. शाममधील ताबिई, जसे खालिद बिन मअदान आणि मकहूल, या रात्री इबादत करीत. हिजाजच्या उलेमांनी, विशेषतः अता यांनी, ती मान्य केली नाही. शाममध्येही दोन मते होती. काही जण मशिदीत जमत. तर तिथले इमाम अवजाई यांना जमणे पसंत नव्हते, पण एकट्याने नमाज पढायला त्यांची हरकत नव्हती. म्हणजे आज आपल्या गल्लीत जो वाद आहे, तो पहिल्या-दुसऱ्या शतकातही होता. शंभर रकातींची खास नमाज मात्र बरीच नंतरची. तरतूशी यांनी नोंदवले आहे की ती बैतुल मकदिसमध्ये हिजरी ४४८ साली नाब्लूसहून आलेल्या एका माणसाने सुरू केली. एकाच्या मागे दुसरा, मग तिसरा उभा राहिला आणि काही वर्षांत ती जणू सुन्नत झाली. रिवाज असाच जन्मतो. कोणी कट करत नाही. माणसे फक्त रांगेत उभी राहतात.

कोकणी मुसलमान वाचकांसाठी येथे एक खास गोष्ट आहे, कारण आपण शाफई आहोत. इमाम शाफई यांनी 'किताबुल उम्म'मध्ये ज्या पाच रात्री दुआ कबूल होते असे ऐकल्याचे सांगितले, त्यांत शाबानची पंधरावी आहे. आणि आपल्याच मसलकाचे थोर इमाम नववी (मृत्यू हिजरी ६७६) यांनी रज्जबची 'रगाइब' नमाज आणि शाबानची शंभर रकातींची नमाज या दोन्ही वाईट बिदअत ठरवल्या. या दोन मतांत विरोध नाही. रात्रीला दुआचे महत्त्व देणे एक गोष्ट, आणि तिच्यासाठी नवी इबादत घडवणे दुसरी. इब्ने तैमिया यांनीही हीच रेघ ओढली : माणसाने स्वतः नमाज पढली तर चांगलेच, पण शंभर रकाती ठरवून त्यासाठी मशिदीत जमणे बिदअत.

हिंदुस्थानात या रात्रीला हलवा, दिवे आणि आतषबाजी चिकटली. शेख अब्दुल हक मुहद्दिस देहलवी यांनी सतराव्या शतकातच दिवे व आतषबाजीवर टीका केली होती. उहुदच्या लढाईत प्रेषितांचा (स.) दात शहीद झाला म्हणून हलवा, ही कथा तर तारखेतच अडकते, कारण उहुदची लढाई शव्वालमध्ये झाली, शाबानमध्ये नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये हलव्याची सक्ती निराधार ठरवली, पण या रात्री मृतांसाठी दुआ करण्यास नकार दिला नाही. आणि मौलाना अहमद रजा खान (मृत्यू १९२१) यांनी आतषबाजीला हराम म्हटले. शिवाय एका पत्रात आपल्या लोकांना कळवले की चौदा शाबानचा सूर्य मावळण्यापूर्वी एकमेकांशी समेट करा, एकमेकांचे हक्क अदा करा किंवा माफ करून घ्या. देवबंद आणि बरेली यांच्या ग्रंथांत या रात्रीबाबत जेवढे अंतर आहे, त्यापेक्षा आपल्या दोन गल्ल्यांत अधिक आहे.

म्हणून माझी टीका दोन्ही कागदांवर आहे.

हिरव्या कागदावर आक्षेप असा की त्याने रात्रीला समारंभ बनवले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी कायम केली. पण त्याच्याही आधी खुद्द प्रेषितांनी (स.) मशिदीत एतिकाफला बसले असताना मोठ्याने तिलावत करणाऱ्यांना आपल्या तिलावतीचा आवाज एकमेकांवर चढवू नका असे बजावले होते, हे अबू दाऊदमध्ये आहे. शेजारच्या चाळीतल्या आजाऱ्याची झोप मोडून कोणता सवाब मिळतो? आपली पोरे मशिदीतून निघून टोपी घालून, हेल्मेटशिवाय, एका मोटारसायकलवर तिघे-तिघे द्रुतगती महामार्गावर सुसाट सुटतात आणि मुंबई पोलिसांना या रात्री नाकाबंदी करावी लागते. मगफिरतीच्या रात्री काही आयांना इस्पितळाच्या दारात बसावे लागते. आणि घरातल्या बाईचे काय? ती दिवसभर डाळ वाटते, हलवा घोटते, रकाब्या झाकून शेजाऱ्यांकडे पाठवते. रात्री मुसल्ल्यावर बसली की तिचे डोळे मिटतात. जागण्याची रात्र तिच्या वाट्याला येतच नाही.

पांढऱ्या कागदावरचा आक्षेप वेगळा आहे. त्याचा युक्तिवाद कमजोर नाही. जुम्म्याची रात्रसुद्धा कियामसाठी खास करू नका, असे मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे, मग पंधरावी शाबान का करावी, हा प्रश्न वजनदार आहे. दीनमध्ये जे नव्हते ते दीन म्हणून आणणे नामंजूर आहे, हे बुखारी व मुस्लिम दोघांतही आहे. पण या कागदात मकहूल नाहीत, इमाम शाफई नाहीत, अल्बानींनी सहीह म्हटलेली हदीसही नाही. ज्या मुद्द्यावर ताबिईंत मतभेद होता तो एका ओळीत जहन्नमशी जोडणे, ही तहकीक नव्हे. आणि घरात एकटीच तस्बीह घेऊन बसलेल्या म्हातारीला बिदअती म्हणणे हा तर जुलूम आहे.

एप्रिल २०२०ची शबे-बरात आठवा. टाळेबंदी होती. मशिदी बंद, कब्रस्ताने बंद. सर्व मसलकांच्या उलेमांनी घरातच राहा असे आवाहन केले. ना मांडव, ना भोंगे, ना मोटारसायकली. ज्याला जागायचे होते तो आपल्या खोलीच्या कोपऱ्यात जागला, ज्याला झोपायचे होते तो झोपला. नकळत त्या एका वर्षी आपण सर्वांनी इमाम अवजाईंच्या मतावर अंमल केला.

आणि ८ सप्टेंबर २००६ आठवा. मालेगाव, शुक्रवार, शबे-बरातचा दिवस. जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. मृतांच्या यादीत मसलकाचा रकाना नव्हता.

कब्रस्तानात जाणाऱ्यांनी तिथली शिकवणही पाहावी. मुंबईत कबरही कायमची नसते. जुहूच्या कब्रस्तानात मुहम्मद रफी आणि मधुबाला यांच्या कबरींचीसुद्धा जागा २०१०च्या सुमारास नव्या मय्यतींसाठी घेण्यात आली. जिथे दोन शेजाऱ्यांना पाळीपाळीने एकाच मातीत झोपायचे आहे, तिथे वर असताना त्यांनी एकमेकांचा सलाम का टाळावा?

आता त्या हदीसकडे पुन्हा येऊ, जी दोन्ही बाजूंना मान्य होऊ शकते. तिच्यात हलवा नाही, शंभर रकाती नाहीत, जलसा नाही. तिच्यात एकच अट आहे, मनातला कीना. ज्या रात्रीवरून आपण एकमेकांशी बोलणे सोडतो, त्याच रात्रीच्या माफीतून बोलणे सोडणारे वगळले जातात. जागणारा कीना घेऊन जागला तर त्याचे जागरण वाया. न जागणारा आपल्या भावाला तुच्छ मानून झोपला तर त्याची शुद्ध तौहीदही त्याला या यादीतून वाचवत नाही. शबे-कद्रची गोष्टही हेच सांगते. बुखारीत आहे की प्रेषित (स.) त्या रात्रीची तारीख सांगायला बाहेर आले होते, पण दोन मुसलमान आपसात भांडत होते आणि तिचे ज्ञान उचलून घेतले गेले. एका भांडणाची किंमत म्हणून सारी उम्मत आजतागायत ती रात्र शोधत आहे.

त्या मुलीला मी पुढे वर्गातच उत्तर दिले. हलवा हराम नाही. तो केल्याने दीन पुरा होत नाही आणि न खाल्ल्यानेही पुरा होत नाही. पण मुसलमानाने मुसलमानाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, हे बुखारी व मुस्लिम दोघांत आहे, आणि त्याबद्दल कोणत्याही मसलकात मतभेद नाही. तुमच्या अबोल्याला किती दिवस झाले, ते तुम्हीच मोजा.

दोघींनी बोटांवर मोजले. मधल्या सुट्टीनंतर त्या एका बाकावर होत्या. हलवा तोवर केव्हाच संपला होता.

येत्या शाबानमध्ये भिंतीवर दोन कागद पुन्हा लागतील. ज्याला जो पटेल तो त्याने मानावा, पण दुसरा फाडू नये. आणि चौदा तारखेच्या मगरिबपूर्वी ज्या दारावर आपण वर्षभर थाप मारली नाही, त्या दारावर जाऊन सलाम करावा.